आत्या प्रयोगाला आली

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, आपला आपण घेऊन जायचा असे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या कॉलेजात माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. ठरलेली मैत्रीण ऐनवेळी तापाने पडली, तेव्हा विचुंब्याहून बाजाराला आलेल्या आत्याला मी भाजीच्या पिशवीसकट उचलून नेलं. प्रॅक्टिकल बुडालं असतं तर वर्ष बुडालं असतं.

आत्या आमच्या आगऱ्यांतली धवलारीण, लग्नाचे विधी गाण्यातून लावणारी. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला बसल्याशिवाय हळद पुढे सरकत नसे.

प्रयोग स्मरणाचा होता. टुफ, झिम, गव असे निरर्थक शब्द मी एकेक वाचायचे, यादी संपली की तिने परत सांगायचे. अर्थ, आवड, आठवणी सगळं खरवडून काढलं की खाली निव्वळ स्मरण उरतं, अशी त्यामागची कल्पना. मला ती पटायची. माणूस म्हणजे उद्दीपक आणि प्रतिसाद म्हणणारे, माणूस म्हणजे मेंदूतली रसायनं म्हणणारे, सगळेच पटायचे. तुकडे पाठ करायला सोपे. माणूस अख्खा बघा म्हणणाऱ्यांचा धडा मात्र मी ऑप्शनला टाकला होता.

पुस्तकाप्रमाणे आत्याला सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द आठवायला हवे होते, मधले गळायला हवे होते. तिने पदर सावरला आणि सगळेच्या सगळे शब्द धवल्याच्या चालीवर ओळीने म्हटले. शेजारच्या टेबलांवरचे प्रयोग थांबले.

बाहेरून आलेले परीक्षक उठून जवळ आले. "बाई, यातला मधला एकच शब्द सांगा."

आत्या गडबडली. "येकटा नाय येत, मास्तर. आमी पयल्यापासून बोलतो."

परीक्षक माझ्याकडे वळले. "आता निष्कर्ष काय लिहिणार?"

पाठ केलेलं सगळं उडालं होतं, म्हणून दिसत होतं तेच बोलले. "सर, मोजले तर हिला सगळे शब्द येतात. वेगळा काढला तर एकही येत नाही. हिच्या डोक्यात गाणं आहे, शब्द त्याच्या मागून येतात."

त्यांनी मान खाली घालून मार्क मांडले. मग आत्याला म्हणाले, "परीक्षा संपली. आता पुन्हा म्हणा." ती मोकळ्या गळ्याने गायली आणि मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

मी पास झाले. आत्याने विचुंबेभर सांगितलं, "परीक्षा मी दिली, पास ही झाली." तिखटमीठ लावायची तिला भारी हौस, पण यात तिने चिमूटभरही घातलं नव्हतं.