रिकामी चरवी

ताक विकायचं नसतं. मी नवी नवरी होते तेव्हाच आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे मला बजावून ठेवलं होतं. जणू मी माहेराहून ताकाचं दुकानच घेऊन आले होते. दूध विका, तूप विका, पण ताक मागायला दारात आलेल्या माणसाला ‘न्हाई’ म्हणायचं नाही. त्यांनी उभ्या जन्मात ते म्हटलं नव्हतं, आणि याचा त्यांना लई अभिमान होता.

आम्ही गावात नाही, रानातच राहायचो. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. घाटनांदूरकडं जाणाऱ्या गाडीवाटेला आमचा आखाडा होता. पत्र्याचं छप्पर, पुढं सारवलेलं अंगण, दोन म्हशी, एक गाय आणि बैलजोडी. हिवाळ्यात सकाळी शेण काढायला मी मुद्दाम पुढं व्हायचे. बोटं थंडीनं आखडलेली असायची अन् ताज्या शेणात ऊब असायची. तोवर आत्याबाई रवी घुसळायला बसायच्या. तो आवाज ऐकला की शेजारच्या बांधावरची म्हातारी धनगरीण शेळ्या घेऊन यायची. तिच्या हातात पितळेची चरवी असायची, जरा पोचे पडलेली. आत्याबाई ती काठोकाठ भरायच्या. म्हातारी तिथंच एक घोट घेऊन म्हणायची, “तुज्या हातचं ताक लई ग्वाड गं बाय.” रोज तेच वाक्य. अन् आत्याबाई रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या खूश व्हायच्या.

मग तो दुष्काळ आला. ज्वारी गुडघ्याएवढी झाली अन् उभ्या जागी वाळली. निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला गेलं. आम्ही जनावरांसाठी मागं राहिलो. गावात दुधाची सोसायटी होती, आमचे हे तिथं दूध मापायला बसायचे. दोन्ही वेळा दूध घालणाऱ्यालाच सोसायटी पेंड द्यायची, त्यामुळं चहापुरतं ठेवून सगळं दूध डेरीला जायला लागलं. घरात विरजण लागेना. रवी खुंटीला टांगली गेली.

म्हातारी मात्र आलीच. रवीचा आवाज नसतानाही आली. तिनं चरवी पुढं केली आणि आत्याबाईंच्या तोंडातून तो एक शब्द काही निघेना. मी बघत होते, ओठ हलले, पण आवाज नाही. शेवटी म्हणाल्या, “ठिवून जा आक्का. भरून ठिवते, उद्या ने.”

अहो, कशानं भरणार होत्या? मी विचारलं तर माझ्यावरच खेकसल्या, “तू गप बस. व्हईल कायतरी.”

काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या आणि आत्याबाई हातातला झाडू टाकून कडब्याच्या गंजीमागं पळाल्या. एवढी पोक्त बाई, पदर सावरत पळतेय! जाता जाता मला म्हणाल्या, “गावात गेल्यात म्हण.” म्हातारीनं तोंड उघडायच्या आतच मी म्हटलं, “आत्याबाई गावात गेल्यात.” ती जराशी उभी राहिली अन् गेली. त्यानंतर ती रोज येत राहिली आणि मी रोज आत्याबाईंना गावात पाठवत राहिले. मला आत्याबाईंचा राग यायचा अन् म्हातारीचाही यायचा. दिसत नाही का हिला, म्हशींच्या बरगड्या निघाल्यात? एवढं कसलं ताकाचं वेड?

“तिची चरवी तरी देऊन टाकू,” मी एकदा म्हटलं.

“रिकामी?” आत्याबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काही भलतंच बोलले होते. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तर शेंबडं पोरही जाणतं. मग चरवी चुलीमागच्या फळीवर तशीच राहिली. आत्याबाई ती रोज राखेनं घासायच्या अन् पुन्हा पालथी ठेवायच्या.

अशात येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या म्हणजे आमच्याकडं रानातली दिवाळी. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, आल्या-गेल्याला हाताला धरून जेवू घालायचं. आणि आंबील पाहिजेच. ज्वारीच्या पिठाची आंबील ताकाशिवाय म्हणजे नुसता पाणचट घाटा. आत्याबाईंनी आधीच लेकाकडं एका वेळचं दूध मागून ठेवलं होतं. पण आदल्या दिवशी यांनी धार काढली अन् कॅन सायकलला अडकवला.

“दूध कमी भरलं तर डेरीची गाडी फाट्यावरूनच माघारी फिरंल,” हे म्हणाले. “मीच घरी ठिवलं तर लोकाला दूध घाला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

आत्याबाईंनी विरजणाचं गाडगं पालथं घातलं. अंगणात बसून राहिल्या. आणि नेमक्या घंट्या वाजल्या. त्या पुन्हा गंजीमागं गेल्या.

म्हातारी आली. मी म्हटलं, “गावात गेल्यात.”

पण शेळ्यांना कुठं माहीत? त्या कडब्याचा वास काढत सरळ गंजीमागं घुसल्या. आतून “हाड, हाड” असा दबका आवाज आला. मग एका शेळीनं पदराचं टोक तोंडात धरून ओढलं आणि पदरामागून आत्याबाई बाहेर आल्या. केसांत कडब्याची पानं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. रोज खोटं बोलणारं तोंड माझंच होतं ना!

म्हातारी हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, “आगं बाय, इतकी थंडी अन् तितं कशापायी बसलीस?”

आत्याबाई खाली बघत उभ्या राहिल्या. मग एकदाचं म्हणाल्या, “आक्का, ताक न्हाई गं.”

“ते मला दिसतंय की. रवी वाजती का?” म्हातारी म्हणाली. “मी ताकाला आलेच न्हाई. माजी चरवी दे. येकच भांडं हाय माज्याकडं. इतके दिस शेळ्या पत्र्याच्या डब्यात पिळायलेय. डबा गळतोय, निम्मं दूध मातीत जातंय.”

बाई गं! आमच्या मोठेपणापायी तिचं दूध रोज मातीत जात होतं, अन् आम्ही तिलाच हावरी समजत होतो. मी आत जाऊन चरवी आणली. लख्ख घासलेली, रिकामी. ती देताना मला तिच्याकडं वर बघवेना.

म्हातारीनं ती घेतली, तिथंच उकिडवी बसली आणि एकामागून एक शेळ्या पिळल्या. बेताचंच निघालं. चरवी आत्याबाईंपुढं धरून म्हणाली, “इरजून ठिव. उद्या येळवस हाय.”

आत्याबाईंचे हात पुढं येईनात. आयुष्यभर त्या हातांनी दिलंच होतं. मी मधे पडून घ्यायला गेले तर मला कोपरानं बाजूला सारलं अन् स्वतः दोन्ही हातांनी घेतली. आत गेल्यावर चुलीशी बसून रडल्या. “तोंड दाखवायला जागा राह्यली न्हाई,” एवढंच म्हणत होत्या.

विरजणाला दुधात मिरचीची देठं टाकली, अन् रात्र गारठ्याची होती म्हणून गाडगं वाकळंत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं. सकाळी दही लागलं होतं. आत्याबाईंनी रवी उतरवली. आंबिलीला शेळीचा वास येत होता. मी लसूण जास्तच वाटून घातला, तरी येतच होता.

पूजा झाली. आत्याबाईंनी चरवी आंबिलीनं काठोकाठ भरली आणि ती घेऊन स्वतः बांध ओलांडला. मी भाकऱ्या घेऊन मागं. म्हातारीनं दोन्ही हातांनी चरवी तोंडाला लावली. वास तिला कळला नसेल असं कसं म्हणू? तिच्याच शेळ्या त्या. तिनं सावकाश घोट गिळला, ओठ पुसले आणि म्हणाली,

“तुज्या हातचं ताक लई ग्वाड गं बाय.”

आत्याबाईंनी मान वर केली नाही.