मामांचं सुकाणू

माझ्या बायकोच्या मामांइतका हताश करून सोडणारा माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडला नसता. हयात बैलगाड्यांची चाकं करण्यात गेलेली. ट्रॅक्टर आले, धंदा बसला, हात मात्र स्वस्थ बसेनात. नव्वद सालानंतर कधीतरी कुठल्याशा क्लबानं भंगारात काढलेली शिडाची होडी त्यांनी टेम्पोत घालून खुटबावच्या पुढे, नदीकाठच्या मळ्यात आणली. मामींचं माहेर बरोबर समोर, शिरूरच्या बाजूला. त्यांचा धाकटा भाऊ काठावर आला की इकडून दिसायचा. पण त्याच्याकडे जायचं तर पुलाचा वळसा आणि दोन जीपा, आणि मामींना गाडी लागायची. "शिडानं न्हेतो तुला," मामांनी जाहीर केलं.

होडीच्या सुकाणूची बेअरिंगं तेवढी झिजली होती, त्यामुळे दांडा खुळखुळायचा. खुळखुळणारी वस्तू मामांना सहनच होत नसे. घरातली दारंसुद्धा त्यांनी इतकी घट्ट बसवली होती, की मला एकदा न्हाणीघरातून बाहेर काढायला दोघं लागले. त्यांनी बाभळीचं लाकूड कातून बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या कड्या, केले आणि "मधून केस जाणार न्हाई" म्हणत ठोकून बसवले. जमिनीवर सुकाणू झकास फिरलं. दोन दिवस पाण्यात राहिल्यावर लाकूड फुगलं, सुकाणू आवळलं, आणि आम्ही दोघं भर नदीत गोल गोल फिरत राहिलो. "अवो, माझं माहेर त्या अंगाला हाय!" मामी काठावरून ओरडत होत्या.

"जरा ढिले करा," मी विनवलं.

"ढिलं काम मी कवा केलंय? चाकाला लोखंडी धाव सैल चालती व्हय?"

पुढच्या वर्षी पुन्हा बाभूळ, पुन्हा तितकंच घट्ट. असे पाच हिवाळे गेले. मी हात टेकले. सहाव्या हिवाळ्याच्या तोंडावर मामींचा भाऊ आजारी पडला आणि आठवड्याभरात गेला.

त्यानंतर महिन्याभरानं मी एका कारखान्यातल्या मिस्त्रीकडून नायलॉनचे बुश करून आणले आणि भांडून, थोडे सैल, स्वतः बसवले. सुकाणू एका बोटानं वळू लागलं. मामा पलीकडच्या काठाला जाऊन परत आले. चेहरा नवरदेवासारखा फुललेला. "चल, बस," ते मामींना म्हणाले.

मामी समोर बघत राहिल्या. "आता कुणाकडं जायाचं?"

मला मामांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त त्यांची दया. ते पाना घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले, चांगले चालणारे बुश काढले आणि खिशात टाकले.

"अजून घट्टच हाय गं," ते म्हणाले. घट्टपणाची तक्रार त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "नीट झालं की जाऊ."

"व्हय, जाऊ," मामी म्हणाल्या.