कात्रीचं माप

शिंपीकाका इतकी वर्षं गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवत आले ते एका नियमावर. कंबर मोजायची, तोंडाने दोन इंच कमी सांगायचे आणि कापड मात्र खऱ्या मापाने कापायचं. बायका खूश, कपडे बेतशीर. कुणाची तक्रार नव्हती.

मग आरोग्य संशोधनाचं पथक आलं. घरोघरी पत्रकं देऊन चालण्याचा आणि कमी तेलाचा सल्ला दिला, तर वर्षभरात लोकांचा घेर कमी होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. पण टेप घेऊन आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंना एकही बाई कंबर मोजू देईना. शेवटी कुणीतरी शिंपीकाकांचं नाव सुचवलं. काकांनी दोन दिवसांत अख्खी गल्ली मोजून दिली. सवयीप्रमाणे तोंडाने एक आकडा, तक्त्यात दुसरा. सरकारी कागदावर खोटं लिहायची त्यांची छाती नव्हती.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकीच्या घरी छापील कार्ड पोचलं. त्यावर खरं माप होतं.

बेकरीवाल्या वहिनी कार्ड नाचवतच दुकानात आल्या. छापणाऱ्याने चूक केली आहे, तुम्ही तर अडतीस म्हणाला होतात, असं त्यांचं म्हणणं. काका टेप गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तोंडाचं माप वेगळं, कात्रीचं वेगळं. कार्डावर कात्रीचं आहे."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला फसवलंत?"

"ड्रेस कधी घट्ट झाला का?"

हे ऐकून वहिनींचा राग दुप्पट झाला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी. आठवडाभर दुकानात चिंधीसुद्धा आली नाही. बायको म्हणाली, खरं बोलायची एवढी हौस होती तर तरुणपणी सुरुवात करायची.

एके संध्याकाळी काका मशीनवर नुसतेच बसले होते, तेव्हा दुकानासमोरून पाच जणी बूट घालून तरातरा गेल्या. एकीनेही आत पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नऊ जणी होत्या. पत्रकं तर कधीच फळीवर डब्यांखाली अंथरली गेली होती. या निघाल्या होत्या कार्ड खोटं पाडायला.

दोन महिन्यांनी सगळ्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या. वहिनी पुढे झाल्या. "तोंडाचं नको. कात्रीचं सांगा."

काकांनी टेप हातात घेतली. बाईमाणसाला तोंडावर खरं माप सांगायची ही पहिलीच वेळ. दोनदा मोजून ते कसंबसं पुटपुटले, "अडतीस." वहिनींनी तिसऱ्यांदा मोजायला लावलं, आणि मग दुकानातल्या आरशात स्वतःकडे इतका वेळ पाहत राहिल्या की मागच्या बायका कुरकुरू लागल्या.

वर्षअखेरीला डॉक्टरीणबाई आल्या. आकडे पाहून हरखल्या. फक्त 'बदलाचं कारण' या रकान्यात 'पत्रक'पुढे कुणीच खूण केली नव्हती. 'इतर'पुढे बहुतेकींनी एकच शब्द लिहिला होता: शिंपी. अहवालात हे कसं मांडायचं, असं त्यांनी काकांनाच विचारलं.

काका म्हणाले, "रुसवा लिहा."

"तो मोजायचा कसा?" बाईंनी वही उघडत गंभीरपणे विचारलं.

ते काकांनाही ठाऊक नव्हतं. शिवाय त्यांना वेळही नव्हता. सैल झालेले कपडे घट्ट करायला टाकून बायका फिरायला निघून गेल्या होत्या. त्यांच्यात काकूही होती, त्यामुळे स्वयंपाकही काकांनाच करायचा होता.