बिजागरी नसलेला डबा

आता काय सांगू तुम्हाला! पोटच्या पोराचं लग्न भर मांडवात अडवून धरणारा बाप कुठं पाहिलात का? नसेल, तर माझ्याकडे नीट बघून घ्या.

गोंदियात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. सुतारांना बिजागऱ्या विकता विकता आपणही अर्धे सुतार झालोय, असा माझा समज. म्हणून सुनेच्या मंगळसूत्रासाठी स्वतः सागवानी डबा केला. ना खिळा, ना बिजागरी! झाकण दोन्ही बाजूंच्या खाचांतून सरकणारं, आणि बसायला असं घट्ट की मीच माझ्यावर खूश.

"जरा ढिल्लं ठेवा जी," बायको म्हणाली.

ढिलं? म्हणजे कारागिरीची इज्जतच गेली की!

लग्न मुलीकडे, सालेकशाला, ऐन मे महिन्यात. मांडवात हा मोठा कूलर. मी सकाळीच मंगळसूत्र डब्यात घालून डबा नेमका त्या कूलरसमोर मांडला आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. येईल त्या पाहुण्याला धडा सुरू. "लांब चर असतो ती खाच. फळीचं कोरलेलं टोक, म्हणजे चूळ, बसते ते भोक, ती खोबण. समजलं?" इकडे माझं तोंड चालू, तिकडे कूलर डब्यावर ओलं वारं फेकतोय. लाकूड फुगतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो हो!

अक्षता पडल्या. गुरुजी म्हणाले, "मंगळसूत्र आणा."

झाकण ढकललं. हलेना. दोन्ही अंगठे लावले. हलेना!

व्याही धावत आले. "काऊन जी, काय झालं?"

"झाकण फसलं."

"मंग त्या खोबणीत चाकू घाला ना!"

"खोबण नाही हो, खाच!"

"बाबा!" पोरगं पाटावरून ओरडलं.

तेल झालं, चाकू झाला. मागं बायका 'अपशकुन' म्हणून कुजबुजायला लागल्या. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी हसत गेलो असतो.

त्यात बायको कानाशी आली. "दुकानात बिजागऱ्यांची पोती पडून हायेत. घरच्या डब्ब्याले एक लावली असती तं काय झालं असतं?"

शेवटी व्याह्यांनी डबा उचलला आणि दाणकन जमिनीवर आपटला. कोपरे उकलले, बूड निखळलं, मंगळसूत्र बाहेर पडलं. माझे सगळे सांधे सुटले, फक्त झाकण जागचं हललं नाही!

लग्न लागलं एकदाचं.

घरी आल्यावर ते बिनबुडाचं खोकं मी अंगणात उन्हात टाकून दिलं. परवा नव्या सुनेनं सहज बोट लावलं, तर झाकण लोण्यासारखं सरकलं!

बायको आतून ओरडली, "उघडला जी तुमचा डब्बा! बोलवू काय आता गुरुजीले?"