बावनकरसाठी प्रार्थना

आता स्वतःच्याच फजितीचं काय सांगायचं! पण चहा आलाच आहे, तर ऐका.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी जवाहरनगरच्या कारखान्यात कारकून. बायको जाऊन वर्ष होत आलेलं. तिनं क्वार्टरच्या दारात लावलेला गुलाब तेवढा मी जिवापाड सांभाळत होतो. एका सकाळी शेजारच्या बावनकरच्या बकरीनं तो बुडापर्यंत खाल्ला.

मी बावनकरला काही बोललो नाही. म्हणजे मुळीच बोललो नाही. तीन महिने!

मग एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, वैऱ्यावर प्रीती करा. जमत नसेल तर नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना तरी करा. माझ्याकडे बघूनच म्हणाले, अशी माझी खात्री आहे.

आमची बुधवारची प्रार्थनासभा घरोघरी होई. आधी प्रत्येकानं प्रार्थनेचा विषय सांगायचा. कुणाचा मधुमेह, कुणाची बाळंतीण लेक. मी म्हटलं, "माझे शेजारी, बावनकर."

"काय झालं त्यांना?" सभा चालवणाऱ्या रूथमावशींनी विचारलं.

वैरी आहेत, असं चारचौघांत कसं सांगणार? मी मान खाली घातली.

तिथंच घात झाला! आमच्या मंडळीत नाव सांगून मान खाली घातली, की दुखणं शेवटचं समजतात.

तीन बुधवार मंडळींनी डोळे पुसत बावनकरसाठी प्रार्थना केली. चौथ्या बुधवारी रूथमावशी सात जणांना आणि डझनभर मोसंबी घेऊन थेट त्याच्या घरी! बावनकर मटणाच्या रश्शात भात कालवत बसलेला. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "धीर सोडू नका."

"मले काय झालं जी?"

"यांना सांगितलेलं नाही वाटतं," मावशी बरोबर आलेल्या एका बाईच्या कानात म्हणाल्या. मावशींचं कानात म्हणजे अख्ख्या क्वार्टरला ऐकू जाणारं. बावनकरच्या बायकोनं हंबरडाच फोडला, "डॉक्टरनं माह्यापासून लपवलं वो माय!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचं रक्त, लघवी, एक्स-रे, सगळं झालं. गडी बैलासारखा ठणठणीत! संध्याकाळी माझ्या दारात उभा.

"बाबूजी, तीन हप्त्यांपासून माह्यासाठी प्रार्थना करून राहिले म्हणे तुमी. काहून?"

मी खरं ते सांगून टाकलं. गुलाब, बकरी, अबोला. आणि मोठ्या मनानं म्हणालो, "पण आता मी तुम्हाला क्षमा केली आहे."

त्यानं दारातल्या गुलाबाच्या खुंटाकडे पाहिलं. "वहिनीचा गुलाब होता. चुकलंच जी. पण सांगू काय? मीबी तुमाले कवाच माफ केलं आहे."

"मला? कशाबद्दल?"

"वहिनी गेल्यापासून तुमी पहाटे पेटी घेऊन गाता न. बायको म्हणे, जाऊन सांगा त्याइले. मी म्हटलं, गाऊ दे. मन मोकळं होत असन माणसाचं."

"इतकं वाईट गातो मी?"

"आमाले सवय झाली जी," तो समजुतीनं म्हणाला. "बकरीले नाही झाली. तुमी सूर लावला, का दावं तोडून पळते. त्या दिवशीबी तसंच झालं."