मैनाबाईच्या डब्यात काय होतं

अकोल्याच्या जठारपेठेत अजूनही सांगतात, की मैनाबाई मेहरेच्या फुलांच्या टोपलीत, शेवंतीच्या खाली, पिस्तूल असतं. पानठेल्यावर तर त्याची लांबीही हात करून दाखवतात, आणि दर वेळी हात थोडे जास्त फाकतात. "परतवाड्याच्या गुंडाले तिनं दारातच थांबवलं भौ! थो असा थरथरला, असा थरथरला..." असं म्हणत सांगणारा स्वतःच थरथरून दाखवतो, आणि तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा शर्टावर सांडतो.

साफ खोटं. शेवंतीच्या खाली ओलं पोतं असतं. त्या संध्याकाळी मैनाबाईच्या हातात होता एक पितळी डबा, घट्ट झाकणाचा. आणि थरथरलं कोण, तेही पानठेल्याला माहीत नाही.

झालं असं. भादव्याची पौर्णिमा तोंडावर आली होती. वकील साधनाताई असनारे एका सकाळी मैनाबाईच्या दारात आल्या. साधनाताई बोलतात तेव्हा प्रत्येक वाक्याचा पूर्णविराम ऐकू येतो. त्यांच्या देवाची फुलं रोज मैनाबाईकडून जातात, एवढीच दोघींची ओळख. त्यांच्या मागे एक मुलगी उभी होती, ओढणीचं टोक दातात धरून.

"मैनाबाई, ही वर्षाली. माझी अशील. परतवाड्याची आहे. हिच्या वडिलांच्या हातगाडीवर एका जीपवाल्यानं जीप घातली. वडिलांचे, केशवरावांचे, दोन्ही पाय गेले. जीप शेखर नावाचा मालक स्वतः चालवत होता. आता तो म्हणतो, ड्रायव्हर चालवत होता. खरं पाहिलं ते फक्त हिनं. कोजागिरीनंतरच्या सोमवारी अमरावतीच्या कोर्टात हिची साक्ष आहे. तोवर हिला बोलू द्यायचं नाही, असं त्या लोकांनी ठरवलंय. घरी दोनदा धमकी आली. माझ्याकडे ते पहिल्यांदा शोधतील. तुमच्याकडे ठेवाल?"

मैनाबाईनं हारातली सुई थांबवली नाही. "जेवली काय वो पोट्टी?"

"अजून नाही. आणि हे पाहा, कुणालाही कळता कामा नये. खिडक्या बंद. दिवा बारीक. टीव्हीवरच्या मालिकांत साक्षीदाराला ठेवतात ना, तसं."

मैनाबाईही तसली एक गुन्ह्यांची मालिका पाहायची, रोज, न चुकता. आणि तिला एक गोष्ट चांगली ठाऊक होती. त्या मालिकेत बंद खिडकीच्या खोलीत ठेवलेला माणूस दुसऱ्या भागापर्यंत टिकत नाही.

"बरं जी," ती म्हणाली. साधनाताई समाधानानं गेल्या. त्या कोपऱ्यावरून वळल्या नाहीत तोच मैनाबाई ओट्यावर उभी राहिली आणि गजऱ्याची हाळी द्यावी तशा आवाजात ओरडली, "पार्बताबाई! ओ पार्बताबाई! इकडे या. ही माही भाची वर्षाली. हिच्या मागं परतवाड्याचे लोक लागले हायेत. पाहून ठेवा हिचं तोंड. अन् औंदा भुलाबाई माह्या घरी बसन, सांगून द्या साऱ्या पोट्ट्याईले!"

दुपारी साधनाताईंना हे कळलं तेव्हा त्या चपला न घालता धावत आल्या. "मैनाबाई! काय केलंत हे!"

"काय केलं? लपवली असती त एकटी राह्यली असती. एकट्या मानसाले उचलून न्याले काय लागते? आता महिनाभर माह्या घरी रोज तीस पोट्ट्या येतीन, त्याईच्या माया येतीन. या म्हनाव, कोनाले यायचं थ्याले."

ज्यांना वऱ्हाडाबाहेरून ही गोष्ट वाचायची आहे त्यांच्यासाठी एवढंच: भुलाबाई म्हणजे मुलींचा सण. मातीची भुलाबाई आणि भुलोबा पाटावर बसतात. महिनाभर रोज संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की घरची बाई बंद डबा हलवते, आणि आवाजावरून आत खाऊ काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही.

पहिल्या संध्याकाळी मैनाबाईनं वर्षालीला गाणं सुरू करायला सांगितलं. वर्षालीनं तोंड उघडलं, पण शब्द ओढणीतच राहिले.

"काय म्हनते? कोनाले आईकू आलं काय वो?"

"नाई!" तीस पोट्ट्या ओरडल्या.

"पुन्हा म्हन."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मैनाबाईनं ओढणीच काढून घेतली आणि तिच्या हातात टिपऱ्या दिल्या. "दातात काईच नाई पाह्यजे. गानं गाय असं, का चौकातल्या रसवंतीवाल्यानं उसाचा चरक थांबवला पाह्यजे." वर्षाली रडकुंडीला आली. "मावशी, मले नाई येत." मैनाबाई पाटासमोर फुलं मांडत म्हणाली, "सोमवारी कोर्टात मी नाई बोलनार तुह्या जागी. तुलेच बोलनं हाये. आज इथं चुकलं त पोट्ट्या हासतीन. थितं चुकलं त शेखर हासन."

हे तिनं अगदी हळू म्हटलं होतं. पण वर्षालीनं त्या दिवशी पहिली ओळ ऐकू येईल अशी म्हटली.

सकाळी ओट्यावर हार गुंफायला गल्लीतल्या चार-पाच जणी येऊन बसायच्या. मजुरी कुणी मागितली नाही. वर्षाली मधोमध, झेंडूच्या ढिगाआड. हवालदार सायकलवरून चक्कर टाकायचा, चहा प्यायचा आणि "सगळं ठीक?" विचारून दुसऱ्या कपाची वाट पाहायचा. दुधवाल्यानं नवी गाडी गल्लीत दिसली की दोनदा घंटी मारायची, असं ठरलं. त्यानं पहिल्याच दिवशी स्वतःच्या मेव्हण्याच्या गाडीला घंटी मारली, आणि मेव्हण्याला उतरून नाव-गाव सांगावं लागलं.

मग कोजागिरीला थोडेच दिवस राहिले असताना खरी घंटी वाजली.

तिन्हीसांज होती, गाणं रंगात आलं होतं. पांढऱ्या गाडीतून दोघं उतरले. एक दाराशीच थांबला. दुसरा, घट्ट टी-शर्टातला, आत आला.

"वर्षाली इथं राह्यते म्हने. तिच्या गावचे हाओत आमी. तिच्या बापानं निरोप देल्ला."

गाणं तुटलं. वर्षालीच्या टिपऱ्या हवेतच राहिल्या. आता काय होणार ते तिथल्या लहानात लहान मुलीलाही कळलं होतं: ही आज या माणसासोबत दाराबाहेर गेली, तर सोमवारी कोर्टात कुणीच उभं राहणार नाही.

मैनाबाई उठली. फडताळातून डबा घेतला आणि त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"निरोप सांगशीन मंग. आदी बस. भुलाबाईच्या घरी आलेला मानूस खाऊ ओयखल्याबिगर जात नाई."

आणि डबा वाजायला लागला. रोज ती डबा दोनदा हलवायची आणि थांबायची. त्या दिवशी डबा थांबेचना. खडखड, खडखड, खडखड. पोट्ट्यांना वाटलं, आज मावशी लय रंगात हाये. मैनाबाईला माहीत होतं की हात आपला राहिलेला नाही. म्हणून तिनं तो आणखी जोरात हलवला.

"आमाले टाइम नाई," तो म्हणाला.

"टाइम नसते त येता काहून? नाव काय तुह्यं, बापू?"

"...रोहित."

कोपऱ्यातून पार्बताबाईनं चष्मा वर केला. पार्बताबाईला कुणाचंही नुसतं नाव सांगा, तिचं पोट भरत नाही. "गाव कोनतं?"

"परतवाडा."

"थे आत्ताचं झालं. मूय गाव?"

"पातूर."

"हाव! माहेर माह्यं. पातुरात कोनाचा तू?"

पार्बताबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, जवळ आली आणि त्याची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली, बाजारात भोपळा वळवून पाहावा तशी.

"अवो मैना! हा कौशल्याचा नातू व्हय! हनुवटी पाय ना, तिचीच हाये. याच्या बारशाले मी घुगऱ्या खाल्ल्या होत्या. कोनी लाव वो फोन कौशल्याले, म्हना तुह्या नातवाले पोरी पयवाले ठेवलं काय कोनी?"

तीस पोट्ट्या, त्यांच्या आया, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्याचा आवाज एकदम दहावीतल्या मुलासारखा चिरका झाला. "आजीले नका सांगू."

"मंग ओयख," मैनाबाई म्हणाली. खडखड, खडखड.

"...शेंगदाणे?"

"चूऽऽक!" सगळ्याजणी.

"मुरमुरे?"

"चूऽऽऽक!" दाराशी उभा असलेला दुसरा केव्हाच गाडीत जाऊन बसला होता.

मैनाबाईनं झाकण उघडलं. फुटाणे आणि गूळ. त्याच्या तळहातावर मूठभर ठेवत ती म्हणाली, "खाय. अन् आयक. तुह्यं नाव आमाले माईत झालं, गाव माईत झालं, आजी माईत झाली. या पोरीच्या पायात काटा रुतला तरी आमी तो पातूरले जाऊनच काढू. सांगजो तुह्या शेखरभौले."

तो फुटाणे मुठीत घेऊनच गेला. त्या रात्री मैनाबाईनं जेवताना पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरला, हे फक्त वर्षालीनं पाहिलं. साधनाताईंनी दुसऱ्या दिवशी पोलिसांत त्याचं नाव-गाव दिलं. इतकी पक्की माहिती हवालदाराला अख्ख्या नोकरीत कुणी दिली नव्हती.

कोजागिरी झाली. सोमवारी अमरावतीच्या एसटीत निम्म्या सीटवर जठारपेठ होती. मांडीवर टोपल्या, मधोमध वर्षाली. कंडक्टरनं विचारलं, "कोनाचं लग्न हाये जी?" "साक्ष हाये," पार्बताबाई म्हणाली, "हाफ तिकीट दे." मूर्तिजापूरपर्यंत त्यानं सगळी हकीकत ऐकली, आणि बडनेऱ्याला स्वतः उतरून वर्षालीसाठी पाण्याची बाटली आणली.

कोर्टात साऱ्या बायकांना जागा नव्हती. मैनाबाई मागच्या बाकावर बसली. समोर शेखर, कडक इस्त्रीचा शर्ट. त्याच्या वकिलानं विचारलं, गर्दी होती, धूळ होती, काचेच्या आत कोण होतं ते तुम्हाला कसं दिसणार? वर्षालीचा हात ओढणीकडे गेला. मग तो हात खाली आला.

"जीप शेखरभाऊ चालवत होते," ती म्हणाली, आणि व्हरांड्यातल्या बायकांनाही ते ऐकू गेलं. "ड्रायव्हर बाजूला बसून संत्रं सोलत होता. ते शेखरभाऊ समोर बसले आहेत."

निकाल लागायला वेळ आहे. पण ते वाक्य कागदावर चढलं, ते आता कुणाच्या गाडीत कोंबता येत नाही.

राहिली एक गोष्ट. पहिल्या संध्याकाळी, तो ओढणीतला आवाज ऐकून, टिपऱ्या धरलेल्या एका पोट्टीनं मैनाबाईशी पैज लावली होती की ही कोर्टात तोंड उघडणार नाही. ती पोट्टी सगळ्या पेठेच्या नकला करायची, मैनाबाईची मात्र तिच्या पाठीमागेच. "हारलीस, त माही नक्कल चौकात, माह्या तोंडासमोर," मैनाबाई म्हणाली होती.

हे लिहिणारी तीच. एसटी अकोल्याला पोचली आणि चौकात नक्कल पाहायला गोल झाला. कमरेवर हात झाला, "खाय अन् आयक" झालं, पानठेलाही हसला. ती संपवून पळणार तेवढ्यात मैनाबाईनं पितळी डबा तिच्या हातात दिला.

"डबा राह्यला नं वो. थो कसा वाजत होता, थे बी दाखव यायले."

आणि दाखवावं लागलं. सगळ्यांसमोर, न थांबता.