वास येतो का?

आमच्या गावात कोरोना कुणालाच झाला नाही. गावाला विचाराल तर आजही हेच सांगतील. सर्दी झाली, पडसं झालं, कुणाला थंडी बाधली, कुणाला बाहेरचं झालं, पण कोरोना? छ्या! तो पुण्या-मुंबईच्या लोकांना होतो. हे मला दारोदार ऐकून घ्यावं लागलं. त्या हिवाळ्यात शाळा मोबाइलमध्ये भरत होती आणि आम्हा मास्तर-बायांना सर्वेक्षणाला जुंपलं होतं. एका हातात कपाळावर रोखायचं तापमानाचं पिस्तूल, दुसऱ्या हातात बोटाला लावायचा चिमटा. दारात उभं राहून विचारायचं, ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का? आत कुणीतरी खोकून खोकून बेजार झालेलं ऐकू यायचं आणि दारातला बाप्या छातीवर हात ठेवून म्हणायचा, "आमच्यात कुणाला काय न्हाय बाई, फुडं जावा."

खोटं बोलायलासुद्धा थोडी अक्कल लागते, तीही नव्हती. भीती मात्र खरी होती. घरातला एक जण 'निघाला' की गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे पडायचे, दूधवाला लांबूनच वळायचा आणि ज्याच्या मांडीला मांडी लावून जन्म काढला, तो गावच्या ग्रुपवर तुमच्याच घराचा फोटो टाकायचा. त्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली. उमेदवार निघाला तर त्याला घरात कोंडून घ्यावं लागणार. म्हणून उमेदवार निघतच नव्हते.

त्या थोर मंडळींत माझा धाकटा दीरही होता. आमचं गाव जळकोटच्या पुढं, उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून. दोघा भावांची घरं दोन, पण शेत एकत्र. याला चिन्ह मिळालं शिट्टी. आता महामारीत तोंडानं फुंकायची वस्तू चिन्ह म्हणून मिळाल्यावर माणूस जरा तरी विचार करील. यानं पोतंभर शिट्ट्या आणून वाटल्या. एकाची शिट्टी दुसरा फुंकतोय, दुसऱ्याची तिसरा, आणि सगळ्यांचे मास्क हनुवटीखाली. सर्वेक्षणात त्याच्याही दारात जाऊन मी विचारलं होतं, "भावजी, वास येतो का?" तेव्हा दात काढून म्हणाला, "वहिनी, आपल्याला विरोधकाचा वास दोन गल्ल्या पलीकडनं येतो." भोवतीचे चमचे खो-खो हसले.

मला त्या दिवसांत एकच चिंता होती, ती माझ्या सासूची, आत्याबाईंची. त्यांना जुना दमा. गेले कित्येक महिने मी त्यांना ओसरीच्या पुढं येऊ दिलं नव्हतं. भाजी धुवायची मी, दार उघडायची मी, आणि सर्वेक्षणाहून आले की न्हाणीतूनच घरात शिरायची. त्या चिडायच्या. म्हणायच्या, "कोंबडीवानी झाकून ठिवलंयस मला." कोंडल्यावरही त्यांचं नाक मात्र गावभर फिरून यायचं. कुणाच्या घरी चकल्या तळताहेत, कुणाची डाळ लागली, हे त्यांना अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. दूध उतू जायच्या आधी त्या आतून हाक मारायच्या. आणि येळवसाची भज्जी तर त्या झाकण न काढता नुसत्या वासावर उतरवायच्या.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुणी सापडत नाही, सगळी शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आणि आंबील, बाजरीचे उंडे, भज्जी खायची. भज्जी म्हणजे ओल्या तुरी, हरभरा, वाल, शेंगदाणे, रानातल्या पालेभाज्या, सगळं चिंच आणि बेसनात रटरटवलेलं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवायचं आणि कोपीत कुणी घास पुढं केला तर नाही म्हणायचं नाही.

त्या साली येळवस नेमकी प्रचार संपायच्या तोंडावर आली. उमेदवारांना पर्वणीच. जिच्यात जेवला नाही त्या कोपीतली मतं गेली असं समजायचं, म्हणून ही माणसं सकाळपासून कोपीमागून कोपी खात सुटतात. आत्याबाई हट्टाला पेटल्या, शेतात येणारच. मी अटी घातल्या. आपल्या कोपीत आपण तिघंच. मास्क नाकावर. चुलीपासून लांब बसायचं. आणि भावजींनी जगाच्या कोपी पालथ्या घालाव्यात, आपल्या कोपीत येऊ नये. नवऱ्यानं त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "व्हय, व्हय." उमेदवाराचं व्हय! ऐकलं तेव्हाच मला समजायला हवं होतं.

शेतात ऊन छान पडलं होतं. भज्जी घरूनच करून नेली होती, नुसती गरम करायची होती. मी तीन दगडांवर पातेलं ठेवलं आणि पूजेचं ताट मांडायला गेले. आत्याबाई बांधावर बसल्या होत्या, नाकावर मास्क, त्यावरून पदर. तिथून ओरडल्या, "अगं खाली लागलं! उतरीव!" मी धावले. तळ धरला होता आणि करपट वास साऱ्या भज्जीत भिनला होता. पातेल्यापासून चार पावलांवर होते मी, आणि कळलं बांधावरच्या बाईला. नवऱ्यानं एक घास खाऊन पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

तेवढ्यात बांधापलीकडं शिट्ट्या वाजल्या. दीर आला, मागं पाच-सहा चमचे. "आईच्या पाया पडून लगेच जातो," म्हणत थेट आत्याबाईंना चिकटून बसला. मास्क अर्थातच हनुवटीखाली. सणाचा दिवस, वाढणं भाग होतं. चमच्यांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडं पाहिलं. एकानं शिताफीनं द्रोण कडब्यामागं सरकवला. आमचा उमेदवार मात्र दोन्ही हातांनी हाणत होता. पहिलं वाढप संपलं, दुसरं मागितलं, बोटं चाटली. म्हणाला, "वहिनी, नाद न्हाय करायचा! अशी भज्जी अख्ख्या शिवारात न्हाय!"

घरोघर जाऊन विचारलेल्या प्रश्नाचं पहिलं खरं उत्तर माझ्यासमोर बसून भज्जी चाटत होतं.

"भावजी," मी विचारलं, "वास येतो का तुम्हाला?"

त्याचा हात थांबला. तोंड क्षणभर उतरलं, मग पुन्हा पोस्टरवरचं हसू आलं. "थंडीचं नाक चोंदलंय ओ. दोन-चार रोज झाले." आवाज मात्र घंटेसारखा खणखणीत होता. चोंदलेल्या नाकाचा माणूस असा बोलत नाही, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "आईंच्या जवळून उठा आधी. तपासून घ्या."

मग काय, मीच गुन्हेगार. एक चमचा म्हणाला, "बाई, सर्वे शेतात आणू नका." नवरा, जो घरात माझ्या सगळ्या अटींना मान डोलावत होता, तो म्हणाला, "सणाच्या दिवशी काय लावलंयस?" धाकट्या भावाचं पॅनल आलं तर आपल्या शेताचा रस्ता होईल, ही आशा त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेली होती. आणि दीरानं, जणू काही घडलंच नाही अशा थाटात, उंड्याचा तुकडा भज्जीत बुडवून आत्याबाईंच्या तोंडापुढं धरला. एक चमचा लगेच मोबाइल घेऊन सरसावला. आई आणि लेक, येळवस, झकास फोटो!

"आत्याबाई, नको," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. करपलेली भज्जी पोरगं मिटक्या मारत खातंय, याचा अर्थ त्या नाकाच्या बाईला कळला नसेल? माझ्या आधी कळला असेल. त्यांनी मास्क खाली ओढला, घास घेतला आणि मला म्हणाल्या, "येळवसाला कोपीतल्या घासाला न्हाय म्हनू न्हाय."

तो निवडून आला. गुलाल, डीजे, जेसीबीच्या तोंडातून फुलं आणि गावभर शिट्ट्या. त्याच दिवशी दुपारी आत्याबाईंना ताप भरला आणि रात्री धाप लागली. उमरग्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. विजयी उमेदवार फाटकापर्यंत आला, कानामागं गुलाल तसाच. आत यायला मात्र त्याला भीती वाटली, कारण आत म्हणे संसर्ग असतो! बाहेरूनच त्यानं ग्रुपवर टाकलं, 'मातोश्रींची प्रकृती स्थिर, आपल्या आशीर्वादाची गरज.' खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. त्या रांगेत एकालाही असं विचारावंसं वाटलं नाही की बाबा, तुझी तपासणी झाली का? त्यानं तपासणी कधीच केली नाही. मला त्या माणसाची किळस आली ती तेव्हा, आणि ती अजून गेलेली नाही.

आत्याबाई वाचल्या. घरी आल्या, चालू-फिरू लागल्या. नाक तेवढं परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. त्या कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून बसायच्या, मग हिंगाची डबी, मग कापूर. "समदं पाण्यावानी लागतंय गं," म्हणायच्या आणि डबी जागेवर ठेवून द्यायच्या. एकदा त्या चुलीशी उभ्या असताना त्यांच्या डोळ्यांदेखत दूध उतू गेलं. पदरानं ओटा पुसता पुसता रडल्या. त्या दिवसापासून त्या घरात कुणाला हाक मारेनाशा झाल्या.

पुढचा हिवाळा आला. टीव्हीवर कोरोनाचा नवा अवतार आला आणि आमचे नवे सरपंच गावाला मास्क वाटत फिरू लागले. हो, सरपंचही तोच झाला. मास्कवर त्याचं नाव छापलेलं, अगदी तोंडावर. येळवसाला तो आमच्याच कोपीत बसला, आता त्याला अडवणार कोण? त्या साली आत्याबाई म्हणाल्या, भज्जी मीच गरम करणार. म्हटलं, करू द्यावी. मी विहिरीवरून पाणी आणायला गेले.

परत येताना बांधावरच मला वास लागला. घागर तिथंच ठेवून पळत आले. आत्याबाई पातेल्याशी बसून, एका लयीत, शांतपणे ढवळत होत्या. खालून काळं वर येत होतं. त्यांना दिसायचं कमी झालं होतं, आणि नाकाचं तर विचारूच नका. मी काही बोलायच्या आत त्यांनी लेकाला पहिलं वाढप वाढलं होतं.

त्यानं घास तोंडात घातला आणि लगेच बाजूला थुंकला.

"आई! करपलीय की समदी! वास येत न्हाय का तुला?"

नवरा जमिनीकडं बघत राहिला. आत्याबाईंनी पळी हातात धरून त्याच्या तोंडाकडं पाहिलं. रागाचा मागमूस नव्हता.

"तुला आला न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग झालं, बाबा."

दीर ताट सारून उठायला लागला. मी पातेलं पुढ्यात ओढलं, तळाची काळी खरवड उलथन्यानं खरडून काढली आणि सगळीच्या सगळी त्याच्या ताटात वाढली.

"बसा भावजी," मी म्हटलं. "येळवसाला कोपीतल्या घासाला नाही म्हणू नये."

आई समोर बसली होती. त्याला खावं लागलं.